नीलाचा ट्रिगर

नीला,

काकासाहेबांच्या घरी लग्नाचा अल्बम द्यायला केदारखेड्याला चाललो. तुला उठवलं न्हाई.

लांबचा फ्लॅश उडवायला दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडानं चालणारा साधा ट्रिगर घे म्हणून मी भांडलो, तू रेडिओ लहरींवर चालणाऱ्या ट्रिगरवर अडून बसलीस. मांडवात त्या दुसऱ्या फोटोग्राफरकडं साधाच होता. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांच्या उजेडानं त्याचा फ्लॅश उगाच उडून राह्यला होता. आपला मात्र फक्त तुझ्या बटणाला, बराबर! एक फोटो वाया गेला न्हाई.

तरी काकासाहेबांनी विचारल्यावर 'फोटो मीच काढले' असं सांगून बसलो. तू ते ऐकलंस. माझं चुकलं. आज साऱ्या घरासमोर सांगणार, माझ्या पोरीनं काढले. अल्बमवर नावही तुझंच छापून आणलंय.

जेवून घे.

बाबा