पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी

१६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी नऊपासून कपाशीच्या प्लॉटवर. अकराला बियाणे कंपनीचे साहेब आले, धरलेली बोंडं मोजून गेले. बाराला घरी. भाकरी आणि मुगाची डाळ. हे आणि भाऊजी जाफराबादला गेलेत, घरात कोणी नाही.

ती. अक्का,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. मी धाकटी जाऊ, वर्षसहा महिने तरी तुमच्या नावाने रडायला हवं होतं. पण मला रडू नीट आलं नाही. तुमच्याबद्दल माझ्या मनात संशय होता, तो तुम्ही गेल्यावरही गेला नाही. आज सकाळी प्लॉटवर जे ऐकलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

क्रॉसिंगचं, म्हणजे संकरित बियाण्यासाठी फुलं जुळवायचं काम मला तुम्हीच शिकवलं. दुपारी, उद्या उमलणारी कळी हेरून अंगठ्याच्या नखाने तिच्यातला नर भाग सोलून काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नराचं फूल फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. नख जरा खोल गेलं की आतलं कोवळं बोंड दुखावतं, मग चार दिवसांत सगळं दोऱ्यासकट गळून पडतं. तुमचा दोरा लाल, माझा पांढरा. तुमच्या नऊ ओळी, माझ्या चार.

तुमचा हात किती चालायचा, अक्का! माझ्या पंधरा कळ्या होईपर्यंत तुमच्या चाळीस व्हायच्या. वर तुम्ही सगळ्या बायकांदेखत विचारायच्या, "सुमन, फूल खुडून राह्यली का त्याला आंघोळ घालून राह्यली?" बायका हसायच्या. मीही हसायचे, पण घरी येऊन जेवायचे नाही. हे तुम्हाला कळत होतं की नव्हतं?

मोजणीला मात्र माझी बोंडं जास्त टिकलेली निघायची. साहेब नावाजायचे आणि मला ते खरं वाटायचं नाही. बारावी शिकलेली, शेताची सवय नसलेली बाई, हिच्या हातून तुमच्यापेक्षा चांगलं काम कसं होईल? मग एका सकाळी मी लवकर आले, तर तुम्ही माझ्या ओळीत वाकलेल्या, हातात पांढरा दोरा. मला पाहून तुम्ही बांधाकडे निघून गेल्या. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की माझं मागं पडलेलं काम तुम्ही कीव येऊन करता, आणि साहेब मला नावाजतात ते तुमच्या हातासाठी.

विचारलं का नाही? मला विचारता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या कळ्या ओळखू याव्यात म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून दोऱ्याला गुपचूप दोन गाठी मारायला लागले. यांनाही सांगितलं नाही.

आठवड्याने माझ्या ओळीत खाली गळलेल्या सात कळ्या सापडल्या. पांढरा दोरा, एकच गाठ. सातही गळलेल्या! मग मला वाटलं, ही कीव नाही. ही बाई माझ्या ओळी बिघडवते आहे. मी तुमच्याशी बोलणं तोडलं. तुम्ही एकदा चुलीपाशी म्हणाल्या, "देवानं मला घाई दिली, तुला सबुरी दिली. आपापलं वापरावं माणसानं. मंग माझ्या ओळीकडं कशाला बघती?" मी मनात म्हटलं, चोरी पकडली जाईल म्हणून हा उपदेश. पुढे संक्रांतीच्या आधी तुम्ही न्हाणीत पडल्या, दोन दिवसांत गेल्या, आणि ते तसंच राहिलं.

आज साहेबांनी माझ्या ओळी मोजल्या. गेल्या वर्षासारखीच बोंडं टिकली आहेत. ते म्हणाले, पुढच्या हंगामात नवीन बायका येणार आहेत, त्यांना तुम्ही हात शिकवा. मी बघते म्हणाले. मला काय वाटलं सांगू? आता कौसाबाई माझ्या ओळीत शिरत असणार. शेजारची ओळ त्यांचीच. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर विचारलं, तुम्ही माझ्या कळ्या करता का म्हणून.

कौसाबाई खाली बसून हसल्या. म्हणाल्या, मला माझ्याच होईनात. मग म्हणाल्या, "तुझी जाऊ बसायची तुझ्या ओळीत. तुझ्यावानी हळू करून बघायची. मला म्हणे, कौसे, हे काई मला जमून न्हाई राह्यलं, सगळ्या गळून राह्यल्या."

मी विचारलं, मग दोरा पांढरा का?

"लाल दिसला असता तर तू चार दिवस तिच्याशी बोलली असती का?"

आधी वाटलं, माझी समजूत घालतात. पण त्या सात कळ्या मी कुणाला दाखवल्या नव्हत्या. त्या गळाल्या हे कौसाबाईंना कसं ठाऊक?

म्हणजे माझा संशय खोटा होता, अक्का. पण तुमच्यावरही माझा राग आहे. मला सांगायच्या की माझ्या ओळीकडे बघू नको, आणि तुम्ही स्वतः रोज माझ्या ओळीत! मला एकदा म्हणायचं होतं, सुमन, दाखव. मी दाखवलं असतं. घाई कशी करायची ते मीही विचारलं असतं. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी बायका, आणि चोरून बघत राहिलो एकमेकींच्या हाताकडे.

साहेबांना आत्ता फोन करून हो म्हटलं. नवीन बायकांना मी माझ्या हाताने शिकवीन. ज्यांचा हात तुमच्यासारखा पळेल त्यांना हळू करा म्हणणार नाही, जिचा माझ्यासारखा असेल तिच्यावर कुणाला हसू देणार नाही. आणि काही वाटलं तर विचारीन. हा शब्द तुम्हाला देते.

बायका साडेतीनला येतील. मी पाण्याची बाटली भरून आत्ताच एकटी निघते. मला वेळ लागतो.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन