दादाची अर्धी राहिलेली गाडी

१ मार्च, शनिवार
वहिनीकडून खोका आणला. प्लास्टिकचे तुकडे जोडून करायची गाडी आहे. वाळूतून, खडकांवरून सुसाट जाणारा पिकअप ट्रक असतो, त्याचं खेळणं. दादाने आजारपणात मागवलं होतं. खालचा सांगाडा झालाय. इंजिन, केबिन आणि मागचा हौदा बाकी. दादाला जाऊन दोन महिने होत आले. वहिनी म्हणाली, एवढं पुरं करून द्याल का? मी म्हटलं, त्यात काय आहे. चहा घेऊन निघालो.

१६ तारखेला ती आमच्याकडे जेवायला येणार आहे. तेव्हा तयार गाडी हातात द्यायची. खरं तर तीन संध्याकाळी पुरेत. लिफ्ट तपासनीस म्हणून इतकी वर्षं लोकांनी जोडलेली यंत्रं पास-नापास करतोय. खेळणं ते काय.

२ मार्च, रविवार
सुरुवात केली नाही. आधी पद्धत ठरवली. प्रत्येक रंगाला एक वाटी. हिने चार वाट्या काढून दिल्या. पाचवी मागितल्यावर, आमटी ओंजळीत घेणार का, असं विचारलं. चारच रंग पुरेत.

सांगाडा निरखून बघितला. एकेक पिन पार टोकापर्यंत दाबलेली. दादाच्या बोटांचा जोर लगेच ओळखू येतो. बरणीचं झाकण तो असं लावायचा, की माझ्याने कधी उघडलं नाही. सांगाडा आहे तसाच ठेवायचा. तेवढंच त्याच्या हातचं शेवटचं काम.

५ मार्च, बुधवार
इंजिन झालं. आतले दट्टे वर-खाली होतात. हिला दाखवलं. छान आहे, पण पोळ्यांच्या डब्यावर का ठेवलंय, असं म्हणाली. तिची कौतुकाची पद्धत आहे.

मधे खोक्यातल्या जोडणीच्या पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली असं वाटलं. परत मागे गेलो नाही, लय मोडते. तसंही पुस्तकात नुसती चित्रं आहेत, शब्द एकही नाही. चित्र मला एका नजरेत कळतं.

८ मार्च, शनिवार, संध्याकाळ
इंजिन सांगाड्यावर बसवलं आणि गाडी ढकलली. हलेना. पुढची चाकं पुढे जाऊ बघतात आणि मागची मागे. रीतसर तपासणी केली. निष्कर्ष: दोष सांगाड्यात आहे.

वाईट वाटलं. पण दादा पहिल्यापासून घाईचा. त्यात औषधांची गुंगी. भावाची चूक भावाने गुपचूप दुरुस्त करावी, वहिनीला पत्ताही लागू देऊ नये, असं ठरवलं. हिचं म्हणणं, आधी स्वतःचं काम बघा. तिला यंत्रातलं कळत नाही.

९ मार्च, रविवार
फक्त मागच्या चाकांपुरता सांगाडा उघडणार होतो. पण एक सुटलं की त्याच्या आधाराचं दुसरं सुटतं. दुपारपर्यंत सगळा मोकळा झाला. परातीत आहे. काळजीचं कारण नाही. उघडल्याशिवाय दुरुस्ती होत नसते.

संध्याकाळी
ती दोन पानं बघितली. इंजिनाखालचा गिअर मी उलटा बसवला होता.
सांगाड्यात चूक नव्हती.
हिला सांगितलं, पोट बरं नाही. जेवलो नाही.

१२ मार्च, बुधवार
विचार करता, बिघडलेलं काहीच नाही. चित्र तेच, तुकडे तेच, म्हणजे सांगाडाही तोच होणार. वहिनीला फरक कळायचं कारण नाही. पिना मात्र टोकापर्यंत जात नाहीत. अंगठा सुजलाय. ऑफिसात सही करताना साहेबांनी विचारलं, काय झालं. दारात सापडला म्हटलं.

१५ मार्च, शनिवार
गाडी पूर्ण! एक स्प्रिंग आणि दोन चकत्या उरल्या. कंपनी थोडे जास्तीचे तुकडे देतेच.

गाडी मागून किंचित बसते. ही म्हणाली, गुडघे गेल्यासारखी दिसते. मी समजावलं, या गाड्या चढावर अशाच दिसतात. ही म्हणाली, टेबल सपाट आहे. मग गंभीर होऊन म्हणाली, की वहिनीला खरं काय ते सांगून टाका, दुसरीकडून कळलं तर तोंड कसं दाखवाल. दुसरीकडून कळणार कसं? ठरवलं: गाडी कपाटावर ठेवा असं वहिनीला सुचवायचं. उंचावरचं खालून नीट दिसत नाही.

१६ मार्च, रविवार
वहिनी आली. गाडी दिली. तिने ती उलटी केली आणि खालची बाजू कितीतरी वेळ बघत राहिली. कपाटाचं वाक्य तयार होतं. ते आलंच नाही.

"वहिनी, दादाने जोडलेलं मी मोडलं," मी म्हणालो. "सगळंच. चूक माझी होती, मी ती त्याच्या माथी मारली."

ही भातवाढी घेऊन तशीच दारात उभी राहिली.

"त्यांनी कुठे जोडलं?" वहिनी म्हणाली. "त्यांच्या हातात चमचा ठरत नव्हता, भाऊजी. जोडलं मी. ते पडल्या पडल्या चित्र बघून सांगायचे, काळी पिन, लांब, दोन. मी चुकले की हसायचे. हसता हसता खोकला यायचा, मग मी रागवायचे. एकटीला पुढचं पान उघडवेना, म्हणून तुम्हाला दिली."

दादा आणखी काय म्हणायचा, असं मी विचारलं. त्याच्याबद्दल मी आपणहून पहिल्यांदाच विचारत होतो.

"तुमचं नाव मी तेव्हाच सुचवलं होतं. तर म्हणाले, त्याला देऊ नकोस, तो तपासत बसेल."

ही आधी हसली, मग वहिनी, मग मीही. भात निवला.

जेवणं झाल्यावर वहिनीने गाडी उघडायला घेतली. पहिल्यापासून करायची, दर रविवारी इथेच येऊन. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि बजावलं, की सांगायचं तुम्ही, जोडायचं मी, मधे हात घालायचा नाही.

म्हणजे एकूण देखरेख माझ्याकडे आली. अनुभव लागतोच.

पहिल्याच पानावर लांब पिनेऐवजी आखूड सांगितली. वहिनी बराच वेळ हसत होती.