स्टुलावरची मुलगी

लाडके धाकटे,

आठवतं? मावशी तुला स्टुलावर बसवून चित्र काढायची आणि मला हाकलायची, "पळ गं भिंगरी, तुला बूड टेकवत नाही!" तिच्या सगळ्या पुस्तकांतली ती दात पडलेली मुलगी तूच.

काल तिच्या शोकसभेत एका चिमुरडीनं चित्र दाखवून विचारलं, "आजी, ही तूच ना?" मी हो म्हटलं. सगळे कौतुकानं बघू लागले, मग खोटं मागे घेववेना. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी या खोट्यासाठी बाकावर उभं केलं असतं.

हे पत्र पाठवायचं धाडस नाही. मी गेल्यावर तुला पुस्तकांच्या खोक्यात सापडेल. सगळी पुस्तकं तुझी. फक्त हत्तीचं माझ्या नातीला दे. त्यात दाराबाहेर एक पाठमोरी मुलगी आहे. ती मी.

तुझी,
ताई