तीन परदेशी तुळशी

माझ्या नेपरव्हिलच्या घरी शनिवार दिनांक १३ ऑक्टोबर १९७९ रोजी दुपारी आलेल्या वस्तू, माझ्या वहीवरून:

झाडांसाठीचा चार फुटी नळ्यांचा दिवा, एक. खोक्यावर किंमत ४१ डॉलर ९५ सेंट. दिरांकडून भेट.
दिवा आपोआप चालू-बंद करणारे घड्याळ, एक. ८ डॉलर ५०. तेही भेट.
मातीची पिशवी, एक. ३ डॉलर ८९. ही मी घेतली.
रोपे तीन, दह्याच्या रिकाम्या डब्यांत. फुकट.
विजेचे बिल त्या महिन्यापासून सरासरी ६ डॉलर ४० सेंटने वाढले. ते चौदा महिने आम्ही भरले.

मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत, असे वकील मिस्टर केलर यांनी सांगितले. मी म्हटले, तुमची सुरुवात खाली घालते, पण आधी काय आले ते लिहिल्याशिवाय कोणाला काय जावे ते समजणार नाही. म्हणून आता त्यांची सुरुवात.

मी, कांचन हेमचंद्र ठोसर, वय ५६, शिक्षण मॅट्रिक (नागपूर, दुसरा वर्ग), धंदा घरकाम, हे माझे शेवटचे इच्छापत्र माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. इंग्रजी भाषांतर वकिलांनी जोडले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. पोटाच्या कर्करोगाच्या औषधाने केस गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. यापूर्वी यजमानांच्या सांगण्यावरून १९८१ साली जे मृत्युपत्र केले होते, ज्यात आमच्या मुलीचे नाव नव्हते, ते मी रद्द करते.

१. राहते घर, आतल्या सामानासकट, माझी एकुलती एक मुलगी उत्तरा हिला द्यावे. ती लग्न करते की नाही, काय ओढते, काय पिते, याची चौकशी कोणीही करू नये.

२. बँकेतील ठेव व माझ्या पाटल्या उत्तरालाच. ठेवीतून ५०१ डॉलर देवळाला. पावती उत्तराच्या नावाने घ्यावी आणि ती खजिनदारांच्या हातून घ्यावी, विश्वस्त डॉ. चारुदत्त ठोसर यांच्या हातून नको.

३. हे चारुदत्त माझे धाकटे दीर. इस्पितळात भूल देण्याचे काम करतात, गेली नऊ वर्षे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि यजमानांचा त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. इथल्या थंडीत माझी तुळस दरवर्षी जळून जाई. मी रडकुंडीला आले की यजमान म्हणत, "प्लास्टिकची आण." चारुदत्त मात्र दिवा घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, बेसमेंटमध्ये लावू या. बारा तास उजेड, बारा तास अंधार. घड्याळाला हात लावू नका." आणि माझ्या कुंडीशेजारी त्यांनी तीन रोपे ठेवली. आइसक्रीमच्या काड्यांवर स्वतःच्या अक्षरात नावे लिहिली होती: थाई, अफगाणी, मेक्सिकन.

"या त्या त्या देशांच्या तुळशी, वहिनी. संग्रह करतोय."

त्यांच्या बेसमेंटमध्ये गालिचा आणि बार आहे, तिथे मातीची घाण नको, असे जाऊबाई नीला म्हणत असल्याचे त्यांनी सांगितले. मला ते पटले. पाने वेगळी दिसत होती, वासही उग्र होता, पण अफगाणिस्तानची तुळस मी कुठे पाहिली होती? माझे वडील महाशिवरात्रीला भांग घोटत, पण सरकारी दुकानातून गोळी आणून. झाड मी जन्मात पाहिले नव्हते. एकदा चारुदत्तांनी एक रोप उपटून टाकले. म्हणाले, "हा नर निघाला, बी धरवेल." तुळशीत नर असतो हे मी प्रथमच ऐकले, पण ते डॉक्टर आणि मी मॅट्रिक. एक झाड संपले की दुसरे रोप येई. काडी तीच.

मी चारही कुंड्यांना आंघोळीनंतर पाणी घालत असे, उदबत्ती ओवाळत असे. परदेशी तुळशींच्या मंजिऱ्या टपोऱ्या, चिकट, त्यांवर साखर पेरल्यासारखी चमक. रोज सकाळी त्यांतली सर्वांत चांगली खुडून मी बाळकृष्णाला वाहत असे. कार्तिकात दोन वर्षे मी चौघींचे लग्न लावले. अंतरपाट यजमानांनी धरला. मंगलाष्टके चारुदत्तांनी म्हटली, खड्या आवाजात, एकही ओळ न चुकता. ते म्हणताना त्यांना हसू येत होते. मला वाटले, भावजी किती आनंदाने करतात.

दर शनिवारी ते येत आणि म्हणत, "वहिनी, निर्माल्य द्या. इकडे तिकडे टाकू नका, मी नदीत सोडतो." मी ब्रेडची धुतलेली पिशवी घेऊन, त्यात आठवड्याचे निर्माल्य भरून, लाल दोऱ्याने बांधून देत असे. डुपेज नदीला त्यातले एक पानही मिळाले नाही.

४. २७ डिसेंबर १९८०, शनिवार. उत्तरा वीस वर्षांची, कॉलेजातून सुट्टीला आलेली. सकाळी तिने काकांना गाडीतून स्टेशनवर सोडले होते. दुपारी यजमान तिची गाडी घेऊन तेल बदलायला गेले आणि परत आले ते हातात एक तपकिरी पाकीट धरून. चारुदत्त तोवर शहरातून परतून आमच्याकडेच चहा घेत होते.

यजमान म्हणाले, "हे तुझ्या गाडीत सापडलं. मॅरवाना आहे. मेकॅनिकने ओळखलं. माझी मान खाली गेली."

मी म्हटले, "बघू तरी." ते म्हणाले, "बायकांनी बघण्यासारखं नाही."

उत्तरा म्हणाली, "बाबा, इट्स नॉट माइन."

"मग कोणाचं?"

तिने चारुदत्तांकडे पाहिले. मी ती नजर पाहिली. चारुदत्त गालिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, इथली मुलं अशीच बोलतात. मी इस्पितळात रोज बघतो. आज पाठीशी घातलंस तर उद्या सुई टोचून घेईल. काही दिवस घराबाहेर काढ, आपोआप ताळ्यावर येईल."

काही दिवसांची सात वर्षे झाली. तिची फी बंद झाली, तिने हॉटेलात ताटे धुऊन शिक्षण पुरे केले आणि नोकरीला टेक्ससला शुगर लँडला गेली. त्याच आठवड्यात चारुदत्तांनी तीन कुंड्या उचलून नेल्या. "संग्रह मित्राला दिला," म्हणाले. पुढे मंडळाच्या हळदीकुंकवात नीला माझ्यासमोर चौघींना म्हणाली, "आमच्याकडे बाई मुलांना धाक आहे." मी वाण घेतले आणि घरी आले. त्या वर्षापासून मी तुळशीचे लग्न लावलेले नाही.

५. यजमान मार्च १९८५ मध्ये गेले. उत्तरा विमानाने आली. अंत्यविधीच्या दारात चारुदत्तांनी तिला अडवले, "दादाची इच्छा नव्हती," म्हणून. ती पार्किंगमध्ये दोन तास उभी होती, हे मला नंतर कळले.

महिन्याभराने मी यजमानांची लोखंडी पेटी उघडली. त्यात ते तपकिरी पाकीट होते. पाकिटात ब्रेडची धुतलेली पिशवी. लाल दोरा. माझीच गाठ. आत वाळलेल्या मंजिऱ्या, त्यांना कुंकू लागलेले, आणि तळाशी तीन अक्षता.

मग उत्तराला फोन केला. म्हटले, "तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स, आई. बेसमेंटमध्ये पाहिलं तेव्हाच. काकांना म्हटलंसुद्धा, नाइस तुळस. ते म्हणाले, वहिनीला सांगू नकोस."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"काका समोर बसले होते. त्यांनी सांगायला हवं होतं. आणि नाव घेतल्यावरच बाबा माझ्यावर विश्वास ठेवणार असतील, तर नको तो विश्वास." मग म्हणाली, "मी कधी ओढलं नाही असं नाही हं. कॉलेजात, फ्रेंड्सबरोबर. पण ती पिशवी माझी नव्हती."

जे विचारले नव्हते तेही तिने सांगितले. या घराण्यात हे तिला एकटीलाच जमले.

६. मग मी चारुदत्तांना बोलावून पिशवी समोर ठेवली. ते आधी घामाघूम झाले, पण मी ओरडत नाही असे पाहून सैलावले आणि चक्क कौतुकाने बोलू लागले. "वहिनी, तुमच्या हाताला गुण होता. अफगाणी काय धरली होती! दोन झुरक्यांत हातपाय कापसाचे, आणि झोप अशी की भूल दिल्यासारखी. थाई डोक्यात चढते, माणूस हसतच सुटतो. मेक्सिकन म्हणजे नुसत्या बिया, ती मी पाहुण्यांना देत असे. कागदात गुंडाळून ओढणं पोरकटपणा. पितळी चिलीम हवी, नाहीतर काचेची पाण्याची. आणि तुमच्या निर्माल्याला चंदनाचा वास येई, तो कुठल्याच मालाला नाही."

मी म्हटले, "देवाच्या डोक्यावरचं ओढत होतात."

"शंकराला चालतं की, वहिनी."

"आमचा बाळकृष्ण आहे, भावजी. आणि उत्तरा?"

तेव्हा मात्र ते उठले. "झालं ते झालं. दादा गेला, आता कोणाला काय सिद्ध करायचंय? मला इस्पितळ आहे, मंडळ आहे. तुम्ही समजूतदार आहात."

हे वाक्य मी वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे.

७. भांगेवर माझा राग नाही, हे स्पष्ट नोंदवते. या आजारात अन्न ठरेना, तेव्हा उत्तराने येऊन तुपात मंद आचेवर पाने परतून दिली. कुठून आणली ते मी लिहीत नाही. धूर देवघरात नको म्हणून मी अर्धा चमचा ते तूप, कोमट दूध, वेलदोडा आणि दोन बदाम असे घेते. तासाभराने भूक लागते आणि दुखणे शेजारच्या खोलीत गेल्यासारखे वाटते. एकदा चमचा भरून घेतला तर मी मिस्टर केलर यांच्या टायकडे पाहून अर्धा तास हसत होते. पुरेसा अनुभव घेऊन सांगते, चारुदत्तांचे अफगाणीबद्दलचे मत बरोबर आहे. माणूस खोटा आहे, पारख खरी आहे. उरलेले तूप उत्तराने घ्यावे, वाया घालवू नये.

८. दिवा, घड्याळ आणि त्यांच्या अक्षरातल्या तीन काड्या डॉ. चारुदत्त यांना परत. बेसमेंटमधल्या घर तापवायच्या भट्टीमागे सापडलेली पितळी चिलीम सौ. नीला यांना, त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी. मी ती चिंचेने घासून लखलखीत केली आहे.

९. यजमानांवरही माझा राग आहे, पण त्यांना आता काही देता येत नाही. त्यांचा हॉलमधला फोटो काढून बेसमेंटमध्ये, दिवा होता त्या भिंतीवर लावावा.

१०. माझा स्वतःवरही राग आहे. मी ती नजर पाहिली होती आणि चहाचे कप उचलून आत गेले.

११. माझ्या दहनाच्या वेळी बटण उत्तरा दाबेल. चारुदत्तांनी यावे, पण पार्किंगमध्ये उभे राहावे. दोन तास.

१२. आता मुख्य कलम. या कागदाची एक प्रत मी चारुदत्तांना आजच पाठवत आहे. शनिवार २४ ऑक्टोबरला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एवढेच म्हणावे: ती पिशवी माझी होती. उत्तराची नव्हती. मी तिथे बसलो होतो आणि गप्प राहिलो. पुढे भाषण चालू ठेवायचे असल्यास माझी हरकत नाही. तसे झाले, तर पिशवी उत्तरा नदीत सोडील, जिथे ती सात वर्षांपूर्वीच जायला हवी होती.

तसे न झाल्यास, माझ्या मृत्यूची वाट न पाहता मिस्टर केलर यांनी कलम ३ ते ६ च्या प्रती मंडळाच्या सर्व घरी पाठवाव्यात. ११८ घरे, बावीस सेंटप्रमाणे २५ डॉलर ९६ सेंट, पाकिटात मोजून ठेवले आहेत. पत्ते मी स्वतः लिहिले आहेत. इस्पितळाला काहीही कळवू नये. कोणाच्या पोटावर पाय देणे मला जमणार नाही. मंडळ पुरे आहे. दोन्हींत त्यांना जास्त प्रिय काय आहे ते मला ठाऊक आहे.

हे सर्व वाचून पाहिले, बरोबर आहे. शेजारच्या विनीताने सही करण्यापूर्वी विचारले, "काकू, असं लिहायचं असतं का मृत्युपत्रात?" मी म्हटले, "माझं आहे, मी लिहिते." तिने सही केली.

सही: कांचन हेमचंद्र ठोसर

साक्षीदार, आमच्यासमोर व एकमेकांसमोर सही झाली:
१. विनीता श्रीरंग गोखले
२. श्रीरंग वामन गोखले

स्थळ: नेपरव्हिल, इलिनॉय
दिनांक: ५ ऑक्टोबर १९८७, सोमवार

चारुदत्त भावजींसाठी, त्यांच्या प्रतीवर:

उत्तराला मी २४ तारखेचे विमानाचे तिकीट काढून दिले आहे. ते परत करता येत नाही. ती पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसेल. तेव्हा तुम्ही बोलणार की माझा कागद बोलणार, ते उलट टपाली कळवावे. सोबत पत्ता घातलेले पाकीट आहे. त्यावर तिकीट मी लावले आहे, ते सोडवून दुसरीकडे वापरू नये.