आधी सुटले, मग बुडाले

मेहकर,
२० ऑक्टोबर १९६४

प्रिय शैलजा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. दिवाळीत येऊन लेकीला, कोकिळाला, तिकडं आलापल्लीच्या जंगलात कायमची नेते म्हणतेस. त्यावर मी काय म्हणणार, ते तुला ठाऊकच आहे. पण आधी सिनेमाचं ऐक.

बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आलाय. शेजारच्या अंबूबाईंनी फार आग्रह केला, म्हणून कोकिळाला घेऊन बायकांच्या बाजूला सतरंजी टाकली. एक साहेब बायको, मुलगा आणि मुलगी घेऊन नावेतून निघतो, नाव बुडते, चौघं जंगलात अडकतात. मग झाडावर घर काय बांधतात, हत्तीच्या पिल्लाला आंघोळ काय घालतात, मला फार आवडलं. पण त्या आईचं पातळ चिखलातही इस्त्रीचं कसं राहतं गं? आणि वाघ तर इतका गलेलठ्ठ, की अंबूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "याले घरी कोनी दूधभात चारते वाटते."

खरी गंमत मशीनवाल्यानं केली. त्यानं रिळं उलटसुलट लावली. नावेत बसले न बसले तोच चौघं सुखरूप घरी, मुलांची आजी त्यांना ओवाळते आहे, आणि त्यानंतर नाव बुडाली. पुरुषांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला. मला मात्र बरं वाटलं. परत आलेले आधीच पाहिले होते, त्यामुळे पुढचा पूर आणि वाघ मी न घाबरता पाहिला. नाहीतर माझा स्वभाव तू जाणतेसच. गोपाळरावांची आलापल्लीला बदली झाली आणि तुम्ही नवराबायको निघालात तेव्हा साप, हिवताप, दवाखाना नाही, असं म्हणत पोरीला मीच ठेवून घेतलं.

एक कोडं उरलंच. सिनेमातली आजी निरोपाला दिसते आणि एकदम ओवाळायला. तिनं नातवंडांना अडवलं कसं नाही, हे मी अंबूबाईंना विचारत होते, तेवढ्यात कोकिळानं माझा पदर ओढला. इथल्या पोरांत खेळून ती हल्ली मले-तुले करते. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, त्या पोरीले तिच्या आईनं संग नेलं. मले काऊन नाही नेलं?"

तिला वाटतं, तूच तिला टाकून गेलीस. तू न्यायला तयार होतीस, मीच सोडलं नाही, हे सांगायला माझी जीभ उचलेना. शैला, माझ्या मायेपायी तुझ्यावर हा आळ नको. दिवाळीची वाट पाहू नकोस, येत्या आठवड्यात मीच तिला घेऊन येते. गोपाळरावांना चांद्याच्या स्टेशनावर पाठव. परत निघताना माझा पाय उचलणार नाही, पोरीला पुन्हा माझ्याबरोबर दे म्हणेन, रडेनसुद्धा. तेव्हा माझं ऐकू नकोस.

तुझीच,
आई