बावा म्हटलं की सगळे हसतात

हनमकोंडा, ११ मे

प्रिय कल्याणी वदिना,

नमस्कार. बाळाचं पोट आता बरं आहे ना? रात्रीचं जागरण थांबलं का? घरी आवकाय लोणच्याचे आंबे आलेत, फोडायला माणसं नाहीत, म्हणून अम्मा वैतागली आहे. परीक्षा संपली तरी मी हॉस्टेलवरच आहे. तिला सांगितलंय, प्रोजेक्ट राहिलाय. थाप आहे.

फोन बंद ठेवलाय, कारण तुझा भाऊ, वंशी बावा, दिवसभर फोन करत राहतो. आणि तुझा फोन तुझ्या सासूबाई उचलतात. म्हणून हे पत्र. मघापासून उठतेय, खिडकी लावतेय, पुन्हा उघडतेय, पुन्हा येऊन बसतेय.

माझ्या नि बावाच्या साखरपुड्याची साडी तू निवडलीस म्हणे. रंग छानच असेल.

वदिना, मी ती नेसणार नाही.

मला बावा आवडायचा, हे खोटं नाही. मामाचा मुलगा, म्हणजे आपल्याकडे हक्काचा नवराच, त्यामुळे लपवायलाही लागलं नाही. आम्ही सिनेमाला निघालो की अम्माच माझ्या वेणीत मोगरा माळायची. पुढे तो माझा फोन तपासायला लागला. वर्गातल्या मुलाशी बोलले म्हणून थेटरबाहेर कानाखाली मारली. मी अम्माला सांगितलं, तर ती हसली. "अगं, बावाच ना? आत्तापासूनच नवरेपणा करतोय!" हॉस्टेलच्या वॉर्डनबाई म्हणाल्या, "बावा-मरदलची, म्हणजे होणाऱ्या नवरा-बायकोची भांडणं, त्यात आम्ही कशाला पडू?" बावा म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचे दात दिसतात. मीसुद्धा हसायचे.

उगादीच्या पाडव्याला तुझ्या माहेरच्या माडीवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही म्हणू नकोस. खाली सगळे पुलिहोरा भात वाढून घेत होते, मामा मोठ्याने पंचांग वाचत होता. मी नको नको म्हणत होते, बावाने तोंड दाबलं आणि जबरदस्ती केली. लिहिलं एकदाचं.

जिन्यात तू भेटलीस. माझ्या गळ्यावरचे वळ पाहिलेस. स्वतःची ओढणी काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळलीस आणि म्हणालीस, "सणाचा दिवस आहे गं, कुणाला बोलू नकोस. लग्न झालं की सुधारेल तो." माझ्यावर माया करत होतीस की त्याला झाकत होतीस, हे मला अजून कळलेलं नाही.

मी जेवेनाशी झाले, तेव्हा माझ्या खोलीतली स्रवंती मला सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या मदत केंद्रात घेऊन गेली. दाराशीच मी म्हटलं, "परत जाऊ या गं, आतल्या बाई हसतील." आत पद्मजा मॅडम होत्या. त्यांनी चहा मागवला. "सांगायचं नसेल तर नुसती बस," म्हणाल्या. चहा संपल्यावर मी म्हटलं, "माझ्या बावाने."

त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घरी जायची भीती वाटते का तुला?"

वदिना, मी इतकी रडले की स्रवंती घाबरली. मग मीच म्हटलं, तो मला आवडायचा. मॅडम म्हणाल्या, "आवडू दे की. नको म्हणालीस ना? मग झालं." डॉक्टरबाईंनी तपासलं. कपडे धुतले गेलेत, इतके दिवस उलटलेत, तरी तक्रार घेतात, हे मला माहीतच नव्हतं. तक्रार दे म्हणून मला कुणी भरीस घातलं नाही. विचार करायला वेळ दिला. काल मी तक्रार दिली. उद्या मॅडम अम्माला बोलावणार आहेत, मी त्यांच्यासमोर तिला सांगणार आहे. ती काय करेल, ठाऊक नाही.

तक्रारीत साक्षीदार म्हणून तुझं नाव आहे. एक महिला पोलीस तुझ्याकडे येतील. भाऊ तुझा आहे, बाळ लहान आहे, माहेर तुटेल, सगळं कळतं मला. तरी जिन्यात जे पाहिलंस, तेवढंच सांग. त्यात एक शब्दही वाढवू नकोस.

तू काही पाहिलं नाही म्हणालीस, तरी मी मागे हटणार नाही. फक्त मग कोर्टात एकटीने जावं लागेल, आणि मला तुझ्यासोबत जायचं आहे.

तुझी की नाही, ते तू ठरव,
यामिनी