चांगलं बोलायचं ते इंग्रजीत

मंगळवार, ४ मार्च
इंग्रजीच्या क्लासचा तिसरा दिवस. आमच्या इमारतीच्या, इथे ब्लॉक म्हणतात, खालच्या खोलीत आम्ही आठ म्हातारे. मिसेस लिम निवृत्त शिक्षिका, अक्षर असं की माझ्या जुन्या ड्रॉइंग बोर्डावर शोभावं. या महिन्यात फक्त चांगुलपणाची वाक्यं घेणार म्हणाल्या. कोणी मदत केली, जीव लावला, तर त्याला इंग्रजीत काय म्हणायचं. आजचं : हार्ट ऑफ गोल्ड. गृहपाठ, एका माणसाला हे तोंडावर म्हणायचं आणि वर्गात येऊन सांगायचं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले. उजव्या डोळ्याला जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतं. समोरच्या ब्लॉकला बांबूंवर कपडे, एक निळा शर्ट तर हवेत पोहत होता. चहा निवला तरी बघतच होतो.

शुक्रवार, ७ मार्च
गृहपाठ हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाली खाण्याचे गाळे आहेत तिथल्या, चहावाल्यावर उरकला. कप काठोकाठ भरून दिला, म्हणून म्हटलं, यू हॅव अ हार्ट ऑफ गोल्ड. त्याने नीट ऐकून घेतलं आणि साखर कमी हवी का विचारलं. वर्ग हसला. मिसेस लिम म्हणाल्या, हे चालणार नाही, घरातल्या कोणाला तरी म्हणा.

घरात असं कोण कोणाला म्हणतं? सुधाला बेचाळीस वर्षांत "आमटी बरी झालीय" एवढं एकदा म्हणालो असेन. ती तीन दिवस आमटीच करत होती.

मंगळवार, ११ मार्च
आजचं : गो आउट ऑफ युवर वे. म्हणजे आपली वाट वाकडी करणं. हे आपल्याकडेही आहे की. मिसेस लिमनी उदाहरण मागितलं आणि डोळ्यांसमोर सूनच आली. मृणालचं ऑफिस जुरोंग ईस्टला. जेवणाच्या सुट्टीत रोज एक स्टेशन एमआरटीने, इथल्या मेट्रोने, येते, माझ्या डोळ्यात थेंब घालते, उभ्या उभ्या दोन घास खाते, परत जाते. मुलाचं, निखिलचं, ऑफिस लांब, त्याला जमत नाही. माझा हात थरथरतो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं धरणांच्या रेघा मारलेला हात.

मी तिला ये म्हटलेलं नाही. तीही बोलत नाही. "वर बघा. मिटा." एवढंच.

थेंबांनंतर पाच मिनिटं पडून राहतो. मिटल्या डोळ्याआड पिवळा उजेड पसरतो. त्यात कुठेतरी दार लागतं, लिफ्ट येते, जाते. मग झोप.

शुक्रवार, १४ मार्च
म्हणालो. दुपारी मान मागे टाकल्यावर, डोळे मिटायच्या आत. "मृणाल, यू हॅव अ हार्ट ऑफ गोल्ड. यू गो आउट ऑफ युवर वे फॉर मी." सकाळीच वर्गात घोकून आलो होतो. एकही शब्द चुकला नाही.

दुसरा थेंब माझ्या गालावर पडला, तो तिने पुसला. आज जेवली नाही, उशीर झाला असेल. मला मात्र हलकं वाटतंय. सिंगापूरला येऊन दोन वर्षं झाली, पहिल्यांदाच.

रविवार, १६ मार्च
ईस्ट कोस्टला गेलो सगळे. समुद्र आणि आकाश एकाच रंगाचं, जहाजं मध्ये टांगलेली. डोळे किलकिले केले की ती तरंगत वर जातात. निखिल सायकली आणायला गेला, मृणाल त्याच्याबरोबर. नात माझ्यापाशी वाळू उकरत बसली. इरा, आठ वर्षांची. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, व्हाय यू मेक ममा क्राय?"

मी नाही रडवलं गं, म्हटलं.

"फ्रायडे. इन द किचन. शी टोल्ड पपा अबाउट यू, लाह."

आनंदाने रडली असेल. असं इराला सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. परतीच्या बसमध्ये मृणाल पुढच्या सीटवर बसली होती, खिडकीबाहेर बघत.

सोमवार, १७ मार्च
थेंब घातले, बाटलीचं झाकण लावलं, आणि नेहमीसारखी ओट्याकडे न जाता खुर्ची ओढून बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबा, चांगलं म्हणायचं ते इंग्रजीत म्हणालात. त्या दिवशी अण्णांसमोर बोललात ते मराठीत होतं."

मी डोळे मिटलेलेच ठेवले. थेंबांचं निमित्त होतं. उघडले तेव्हा गेली होती.

मंगळवार, १८ मार्च
क्लासला गेलो नाही.

लिहून टाकतो. अकरा वर्षं झाली. मृणालचं पहिलं लग्न वर्षभरात मोडलेलं. निखिलने तिचं नाव काढलं, तेव्हा तिचे वडील, अण्णा, सांगलीहून पुण्याला आमच्या घरी आले, तिला घेऊन. मी त्यांना बसा म्हटलं आणि ती दोघं बसल्यावर म्हणालो,

परत आलेली वस्तू आम्ही घेत नाही.

अण्णांनी समोरचं पाणी घेतलं नाही. उठले. ती मागोमाग. लग्न रजिस्टर झालं. सुधा गेली, मी गेलो नाही. सुधा वारल्यावर मला इकडे आणायचे सगळे फॉर्म मृणालने भरले, हे निखिलने मला मागाहून सांगितलं. मी तिला थँक यू म्हणालो होतो. तेही इंग्रजीतच, आत्ता लक्षात येतंय.

गुरुवार, २० मार्च
मराठीत जुळवून बघतोय. "तू फार गुणी आहेस" म्हणजे शाळेचा दाखला. "तुझे उपकार" म्हणजे परक्याला. "सोन्यासारखी सून" हे लोक चारचौघांत सांगतात, सुनेला नाही. दुपारी डुलकीत वाक्य सापडलं होतं, अगदी साधं, पाण्यासारखं. जाग आली तर नुसता पंखा.

आणि कौतुक करून भागणारही नाही. ते दुसरंच काही आहे.

शुक्रवार, २१ मार्च
वर्ग सुटल्यावर थांबलो. मिसेस लिमना तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, आपणच वाईट वागलो असू तर कोणतं वाक्य. त्यांनी फळा पुसता पुसता विचारलं, किती वर्षं झाली. अकरा. मग म्हणाल्या, उभ्याने सॉरी म्हणू नका, उभा माणूस निघायच्या तयारीत असतो. आधी बसा. पुढचं तुमच्या भाषेत.

मंगळवार, २५ मार्च
डॉक्टरांनी थेंब बुधवारपर्यंत सांगितले होते. म्हणजे उद्याचा दिवस. परवापासून मृणालला दुपारी यायचं कारण नाही.

आज बोलणार होतो. ती म्हणाली "वर बघा" आणि मी वर बघितलं.

बुधवार, २६ मार्च
बाटली शर्टाच्या खिशात टाकून सव्वाबाराला आमच्या क्लेमेंटी स्टेशनवर गेलो. गेटमधून ती आली, मला बघून घाबरली. काय झालं, डोळा दुखतोय का? म्हटलं, नाही, बस जरा. खाली बाकावर बसलो दोघं. तिने तिथेच थेंब घातले. डोक्यावरच्या पुलावरून गाडी गेली, बाक हलला. गाडी जाऊ दिली.

मग डोळे उघडे ठेवून म्हणालो, "मृणाल, मी चुकलो. तुला वस्तू म्हणालो. तुझ्या वडिलांसमोर म्हणालो."

ठरवलेलं याहून मोठं होतं. उरलेलं आठवलं नाही.

तिने पर्समधून फोन काढला. म्हणाली, "हे अण्णांना सांगाल?"

इथे साडेबारा, सांगलीत दहा वाजले होते. फोन त्यांनीच उचलला. माझं नाव सांगितलं तर नुसतं "हां" म्हणाले. ऐंशीचे आहेत आता. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, सावकाश. पलीकडे कोणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज थांबला. अण्णा म्हणाले, "आवाज तुटतोय. संध्याकाळी मीच करतो." फोन ठेवला.

"तुटत नव्हता," मृणाल म्हणाली. "मलाही इथे ऐकू येत होतं."

तिची सुट्टी संपत आली होती. तरी घरी आली, ताट वाढून घेतलं, टेबलाशी बसून जेवली. जाताना स्वतःचा फोन माझ्यापाशी ठेवून गेली.

साडेचार झालेत. फोन समोर आहे. गॅलरीतून ऊन आत येऊन फरशीवर पसरलंय, उजव्या डोळ्याने बघितलं तर पांढरं, डाव्याने मधासारखं. संध्याकाळ म्हणजे त्यांची की आमची, ते विचारायचं राहिलं.